एकशेवीस तास आणि सहा तास

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं असं एकदा मनात आलं आणि फोनवर दोन-चार शोध घेतले, की एक आकडा पाठच सोडत नाही: एकशेवीस. 'एकशेवीस तासांचा टेफल कोर्स, घरबसल्या, आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' अशी जाहिरात हजार-दोन हजार रुपयांत प्रमाणपत्र देऊ करते. तिच्याच खाली केंब्रिजच्या सेल्टा या अभ्यासक्रमाची माहिती असते. तिथेही किमान एकशेवीस तासच, फी मात्र लाखाच्या पुढे. वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं, फरक नावाचा असणार आणि जास्तीचे पैसे त्या नावाचे असणार.

नावाचे पैसे थोडेफार असतातही. पण खरा फरक दुसऱ्या एका आकड्यात आहे, आणि तो सहसा जाहिरातीत येत नाही. सेल्टा करणाऱ्याला खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गासमोर सहा तास शिकवावं लागतं. तो शिकवत असतो तेव्हा मागे प्रशिक्षक वही घेऊन बसलेला असतो, आणि तास संपला की त्या वहीत काय लिहिलंय ते सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. घरबसल्या मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त कोर्समध्ये हे सहा तास शून्य असतात. चित्रफिती पाहायच्या, बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे आणि शेवटी प्रमाणपत्र छापून घ्यायचं. त्यावर लिहिलेले एकशेवीस तास कुणी घड्याळ लावून मोजलेले नसतात.

या सहा तासांची परंपरा कुठून आली ते पाहायला स्पेनपर्यंत जावं लागेल. १९५३ साली जॉन हेक्राफ्ट आणि ब्रिटा हेक्राफ्ट या तरुण जोडप्यानं कोर्दोबा शहरात इंग्रजी शिकवणारी एक छोटी शाळा काढली. पुढे १९५९ मध्ये ते लंडनला आले आणि त्यांची संस्था 'इंटरनॅशनल हाउस' या नावानं वाढत गेली. शाळा चालायला शिक्षक हवेत, आणि तिथेच घोडं अडलं. उत्तम इंग्रजी बोलणारे लंडनमध्ये हवे तितके होते. पण परक्या भाषेच्या प्रौढ माणसाला तीच भाषा पहिल्यापासून कशी शिकवायची, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक होतं. ब्रिटिश विद्यापीठांतले शिक्षक-प्रशिक्षणाचे वर्ग ब्रिटिश मुलांना शिकवण्यासाठी होते, त्यांचा इथे उपयोग नव्हता. तेव्हा १९६२ मध्ये हेक्राफ्ट यांनी दोन आठवड्यांचा एक झटपट अभ्यासक्रम बेतला. त्यात सिद्धांत बेताचाच ठेवला होता आणि भर प्रत्यक्ष शिकवण्यावर होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सनं अशा प्रशिक्षणाला परीक्षेची चौकट दिली, १९८८ मध्ये ते काम केंब्रिजकडे गेलं, आणि नव्वदच्या दशकात त्याला सेल्टा हे आजचं नाव मिळालं. दोन आठवड्यांचे चार-पाच आठवडे झाले, तरी आधी वर्गात उभं करायचं आणि मग बोलायचं ही मूळ रीत टिकली.

पूर्णवेळ सेल्टाचे ते चार-पाच आठवडे म्हणजे बऱ्यापैकी दमछाक असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच प्रशिक्षणार्थी वर्गासमोर उभा राहतो. पुढचे विद्यार्थी खरे असतात, प्रौढ असतात, आणि सरावाचा वर्ग म्हणून फुकट किंवा अगदी नाममात्र शुल्कात आलेले असतात. सहा तास म्हणजे साधारण आठ-नऊ पाठ, तेही किमान दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या विद्यार्थ्यांना. याशिवाय अनुभवी शिक्षकांचे सहा तास पाहायचे आणि चार लेखी टिपणं लिहायची. त्यांतल्या एका टिपणात आपल्याच वर्गातला विद्यार्थी घ्यायचा, त्याच्याशी बोलायचं, त्याच्या चुका टिपायच्या आणि त्या का होतात हे शोधून उपाय सुचवायचा. शेवटची लेखी परीक्षा नसते. निकाल चार-पाच आठवड्यांच्या कामावर लागतो: उत्तीर्ण, 'बी' श्रेणीत उत्तीर्ण, 'ए' श्रेणीत उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. 'ए' श्रेणी विरळाच मिळते. प्रवेशही पैसे भरले की मिळाला असा नसतो. आधी भाषेच्या जाणिवेची चाचणी, मग मुलाखत. इंग्रजी मातृभाषा नसली तरी चालतं, पण ती युरोपीय मोजपट्टीवर सी-१ किंवा सी-२ पातळीची लागते.

आपल्याकडच्या शिक्षकाला या वर्गात सगळ्यात जड काय जात असेल, तर गप्प बसणं. चांगला शिक्षक म्हणजे चांगलं समजावून सांगणारा, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं आहे. सेल्टाचा प्रशिक्षक नेमकं त्यावरच बोट ठेवतो. समजा, 'ही यूज्ड टू वर्क इन पुणे' या वाक्याचा अर्थ शिकवायचा आहे. सवयीनं आपण नियम सांगू, फळ्यावर सूत्र लिहू आणि शेवटी विचारू, 'अंडरस्टँड?' सगळा वर्ग मान हलवतो. त्या मान हलवण्याला काही किंमत नसते, कारण न समजलेलाही मान हलवतोच. त्याऐवजी प्रशिक्षणार्थीनं छोटे, नेमके प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा असते. तो आज पुण्यात काम करतो का? नाही. पूर्वी करायचा का? हो. एकच दिवस की बरेच दिवस? बरेच. तीन उत्तरं बरोबर आली म्हणजे अर्थ पोचला. असे प्रश्न जागच्या जागी सुचत नाहीत, ते घरून लिहून न्यावे लागतात. रात्री बारा वाजता पाठाचं टाचण लिहीत बसलेल्या प्रशिक्षणार्थीचा निम्मा वेळ त्यातच जातो.

उच्चारांचंही तेच. जपानी माणसाचा 'र' आणि 'ल' यांत गोंधळ होतो, अरबी बोलणारा 'प'चा 'ब' करतो, स्पॅनिश बोलणारा शब्दाच्या आधी 'ए' लावून 'एस्कूल' म्हणतो. मराठी शिक्षक हे ऐकून हसतो खरा, पण अंगात घालायचं 'वेस्ट' आणि पश्चिम दिशेचं 'वेस्ट' यांतला ओठांचा फरक त्याच्या स्वतःच्या तोंडातही बहुधा नसतो. देवनागरीत लिहितानाही दोन्ही एकच. हा फरक आधी कानाला कळावा लागतो, मग ओठांना. म्हणूनच ध्वनींचा तक्ता हा या प्रशिक्षणाचा भाग असतो.

सेल्टाच्या तोडीचा दुसरा अभ्यासक्रम म्हणजे ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्टटीसॉल. तिथेही प्रत्यक्ष शिकवण्याचे सहा तास आहेत. पण त्यात एक भाग असा आहे, की तो प्रत्येक भाषाशिक्षकाच्या वाट्याला एकदा तरी यावा. प्रशिक्षणार्थींना पूर्णपणे अनोळखी अशी एक भाषा काही तास शिकवली जाते, तीही त्याच भाषेतून, इंग्रजीचा आधार न घेता. वर्गात काहीच कळत नसलेल्या माणसाला कसं वाटतं, शिक्षक भराभर बोलला की पोटात गोळा कसा येतो आणि एक ओळखीचा शब्द सापडला की किती हायसं वाटतं, हे सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन मग त्यावर लिहायचं. इंग्रजी माध्यमात वाढलेल्या शहरी मुलाला हा अनुभव फार उपयोगी पडतो. गावाकडच्या मराठी शाळेतून आलेल्याला तो पाचवीत किंवा पहिलीत येऊन गेलेला असतो, आणि खरं तर तीच त्याची भांडवली जमा आहे.

आता बाजाराकडे वळू. मुळात 'टेफल' हे नाव कुणाच्या मालकीचं नाही. परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं एवढाच त्याचा अर्थ, आणि टीसॉल, ईएलटी हे त्याचेच भाऊबंद. उद्या कुणीही दादरला किंवा दुबईत एक खोली घेऊन 'टेफल इन्स्टिट्यूट' अशी पाटी लावू शकतो. 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' या शब्दांमागे बरेचदा एखादी खासगी मान्यता-संस्था असते, आणि ती कुणाच्या मान्यतेवर उभी आहे हे विचारलं की उत्तर मिळत नाही. शहाणा ग्राहक इंग्लंडमधल्या ऑफक्वल या नियामकाची सार्वजनिक नोंदवही उघडून पाहतो. सेल्टा आणि सर्टटीसॉल तिथल्या पातळ्यांच्या चौकटीत पाचव्या पातळीवर आहेत. पदवी सहाव्या पातळीवर येते, पदव्युत्तर सातव्या.

पण या पातळीतही एक मेख आहे. पातळी म्हणजे अभ्यास किती अवघड आहे याचं माप. तो किती मोठा आहे किंवा त्यात वर्गातला सराव आहे की नाही, हे पातळी सांगत नाही. त्यामुळे पाचव्या पातळीची, नोंदवहीत रीतसर असलेली आणि तरीही एकदाही वर्गात उभं न करणारी ऑनलाइन प्रमाणपत्रं आज बाजारात आहेत. त्यांची जाहिरात खोटी म्हणता येत नाही. वाचणारा मात्र 'सेल्टाच्याच पातळीचं' हे वाचून फसतो. इथे संस्थेला विचारण्यासारखा प्रश्न एकच: मी किती तास शिकवणार आणि ते पाहणार कोण? उत्तर गोलमोल आलं तर फी भरण्याची घाई करू नये.

केंब्रिजचीच टीकेटी ही आणखी एक परीक्षा आहे, २००५ पासून चालू असलेली. तिचे मुख्य तीन भाग, प्रत्येक भागात ८० वस्तुनिष्ठ प्रश्न आणि वेळ ८० मिनिटं. ती स्वस्त आहे, स्वच्छ आहे, आणि जिल्हा परिषदेच्या किंवा खासगी शाळेत आधीपासून शिकवणाऱ्या शिक्षकाला विषयाची परिभाषा पक्की करायला चांगली. परदेशातल्या भाषाशाळा मात्र तिला सेल्टाच्या जागी धरत नाहीत.

एवढं सगळं वाचून कुणी उद्या सेल्टाचा अर्ज भरायला निघाला, तर त्याला थोडं थांबवायला हवं. कारण प्रमाणपत्राच्या आधी देश ठरतो आणि देशाच्याही आधी पारपत्र. या क्षेत्रातली ही न आवडणारी गोष्ट जाहिराती कधीच सांगत नाहीत.

चीनचं उदाहरण घ्या. तिथल्या नियमाप्रमाणे परदेशी भाषाशिक्षकानं आपली मातृभाषाच शिकवायची आणि तीही जिथे मातृभाषा आहे अशा देशाचा नागरिक म्हणून. सोबत पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव हवा. शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी, आपल्या देशातला शिक्षक-परवाना किंवा मान्य होणारं टेफल प्रमाणपत्र असेल तर अनुभवाची अट सुटते, पण नागरिकत्वाची अट तशीच राहते. म्हणजे भारतीय पारपत्रधारकानं इंग्रजीचा शिक्षक म्हणून तिथे जाण्याची वाट जवळजवळ बंद आहे, मग हातात सेल्टाची 'ए' श्रेणी का असेना. त्यातच जुलै २०२१ मध्ये चीन सरकारनं शालेय मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि देशाबाहेर बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांवरही बंदी घातली. अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात बसून पहाटे बीजिंगच्या मुलांना शिकवणाऱ्या हजारो जणांचा धंदा काही आठवड्यांत बसला. त्या काळात घेतलेली 'ऑनलाइन टेफल' प्रमाणपत्रं आज अनेकांच्या कपाटात पडून आहेत.

दक्षिण कोरियाची सरकारी योजना 'एपिक' १९९५ पासून चालू आहे. भाषाशिक्षकाचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. शिक्षणशास्त्राची पदवी नसेल तर योजनेत किमान १०० तासांचं टेफल प्रमाणपत्र मागतात. भारतीयांसाठी मात्र एक वेगळी खिडकी आहे. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारानुसार, पदवी आणि इंग्रजी अध्यापनाची रीतसर पात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत सहायक शिक्षक म्हणून व्हिसाची तरतूद आहे. म्हणजे इथे टेफलपेक्षा आपल्याकडच्या बी.एड.ला वजन आहे. ही गोष्ट पुण्या-मुंबईतल्या टेफल संस्थांच्या पत्रकात शोधून सापडायची नाही.

जपानची 'जेट' योजना १९८७ मध्ये चार देशांतल्या ८४८ जणांवर सुरू झाली. तिला कुठल्याही विषयाची पदवी चालते आणि शिक्षकी प्रमाणपत्र लागत नाही, कारण नेमणूक सहायकाची असते आणि वर्गात सोबत जपानी शिक्षक असतो. खासगी भाषाशाळांतल्या नोकरीसाठी इंग्रजी मातृभाषा नसलेल्याकडून बरेचदा बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा पुरावा मागतात. मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत एम.ए. केलेल्या माणसाची गाडी इथे अडते, आणि इंग्रजी जेमतेमच असलेला पण कॉन्व्हेंटात गेलेला त्याच्या पुढे निघतो. थायलंडचं धोरण जरा व्यवहारी आहे. तिथे पदवी लागते, मातृभाषा इंग्रजी नसेल तर टोइक किंवा आयेल्ट्ससारख्या परीक्षेचे गुण लागतात, आणि शिक्षक-परिषदेचा परवाना मिळवावा लागतो. फिलिपिनो शिक्षक तिथे मोठ्या संख्येनं आहेत.

भारतीय शिक्षकांचा खरा मार्ग पूर्वापार आखातात जातो. दुबई, अबूधाबी, मस्कत, दोहा इथे सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत आणि त्यांना इंग्रजीचे शिक्षक लागतातच. तिथे विचारतात ते पदवीत इंग्रजी होतं का, बी.एड. आहे का आणि अनुभव किती. टेफल असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. दुबईत केएचडीए आणि अबूधाबीत एडेक या यंत्रणा खासगी शाळांवर देखरेख ठेवतात, त्यामुळे पात्रतेच्या कागदांत तडजोड होत नाही. ओमानमधल्या महाविद्यालयांत पदवीच्या आधी इंग्रजीचं पायाभूत शिक्षण देतात. तिथे इंग्रजीत एम.ए. आणि काही वर्षांचा अनुभव असलेले भारतीय प्राध्यापक काम करत आले आहेत, आणि अशा अर्जावर सेल्टाचा शिक्का असला तर तो उठून दिसतो.

आपल्या बी.एड.कडे टेफलवाले जरा नाक मुरडून पाहतात. ते पूर्ण अन्यायाचं नाही. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांची झाली, पण सरावपाठांचा मोठा भाग अजूनही टाचणवहीच्या सजावटीत जातो. तरीही शाळेत पन्नास मुलांचा वर्ग सांभाळण्याची सवय बी.एड. आणि डी.एड.वाल्यांना असते, आणि ती सेल्टात मिळत नाही. सेल्टा मुळात प्रौढांना शिकवण्यासाठी घडलेला अभ्यासक्रम आहे, आणि आशियातल्या नोकऱ्यांचा मोठा वाटा मुलांना शिकवण्याचा आहे. सहा वर्षांच्या कोरियन पोराला चाळीस मिनिटं जागेवर बसवण्यापुढे भूतकाळाचे नेमके प्रश्न विचारण्याचं कौशल्य फिकं पडतं. म्हणून ज्याला लहान मुलांच्या शाळेत जायचंय त्यानं आधी बी.एड. किंवा डी.एड. करावं आणि टेफल वर जोडावं. प्रौढांच्या भाषाशाळेत किंवा विद्यापीठाच्या पायाभूत वर्गात जायचंय त्यानं सेल्टाचा खर्च काढावा. हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाची वाटही विसरू नये. १९५८ मध्ये सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश म्हणून सुरू झालेल्या या संस्थेचे इंग्रजी अध्यापनातले पदव्युत्तर अभ्यासक्रम दूरशिक्षणानंही करता येतात, आणि फी सेल्टाच्या जवळपासही जात नाही. भारतातल्या महाविद्यालयांत त्यांना मान आहे. युरोपातल्या भाषाशाळेत मात्र ते समजावून सांगावे लागतात.

मातृभाषा इंग्रजी असलेलाच शिक्षक चांगला, ही समजूत नियमांत कशी शिरली याचाही इतिहास आहे. १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे इंग्रजी अध्यापनावर एक परिषद भरली होती. तिथून पक्क्या झालेल्या काही गृहीतकांवर रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या 'लिंग्विस्टिक इम्पीरिअलिझम' या पुस्तकात हल्ला चढवला, आणि ही समजूत त्यांतल्याच एका गृहीतकाची होती. दोन वर्षांनी हंगेरीचे पेटर मेडयेश यांनी उलट बाजू मांडली. इंग्रजी स्वतः शिकून आलेल्या शिक्षकाला विद्यार्थी कुठे अडखळणार हे आधीच कळतं, कारण तो तिथेच अडखळलेला असतो.

भारताचं यातलं देणं तर बहुतेक सेल्टावाल्यांना माहीतच नसतं. आज जगभरच्या प्रशिक्षणात 'टास्क' देऊन भाषा शिकवण्याची जी पद्धत सांगतात, तिच्या मुळाशी एन. एस. प्रभू यांचा बंगळूर प्रकल्प आहे. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांतल्या मुलांना व्याकरणाऐवजी रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे, हिशेब अशी कोडी इंग्रजीतून सोडवायला दिली गेली. ती सोडवता सोडवता भाषा येते, असा प्रभूंचा दावा होता. त्यावर वाद झाले, अजूनही होतात. पण लंडनच्या प्रशिक्षणवर्गात प्रभूंचं नाव निघतं आणि मुंबईच्या टेफल वर्गात ते 'परदेशी पद्धत' म्हणून शिकवलं जातं, ही गंमत आहे.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर तर्खडकरी भाषांतर पाठमालेपासून रेन आणि मार्टिनच्या व्याकरणापर्यंत दोन-तीन पिढ्या भाषांतर आणि नियम यांवरच पोसल्या गेल्या. त्यांतले रेन तर मुंबई इलाख्यातच शिक्षण खात्यात होते. जून २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि स्वतः इंग्रजीत न बोललेल्या हजारो शिक्षकांना एकदम इंग्रजी शिकवावं लागलं. त्यांच्या प्रशिक्षणासाठी पुढे सरकारी आणि ब्रिटिश कौन्सिलच्या मदतीचे प्रकल्प आले. त्या शिक्षकांमधून तयार झालेल्या काहींकडे आज आहे तसा अनुभव, म्हणजे इंग्रजीचा वारा न लागलेल्या मुलांना ती बोलायला लावणं, परदेशातल्या पुष्कळ अर्जदारांकडे नसतो. अर्जात तो कसा मांडायचा हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नाही. 'दहा वर्षं सहायक शिक्षक' असं लिहून ते थांबतात. वर्ग कोणता, मुलं किती, पातळी काय, कोणते उपक्रम केले, निकाल कसे बदलले, हे सगळं आत राहून जातं.

सेल्टानंतरची पायरी डेल्टा. तीन भागांची, सातव्या पातळीची. त्यातला एक भाग पुन्हा वर्गातल्या शिकवण्यावर तपासतात. दोन-तीन वर्षं शिकवल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. प्रशिक्षक किंवा विभागप्रमुख व्हायचं असेल तर ती लागते, पहिल्या नोकरीला तिचा उपयोग नाही.

शेवटी राहतात कागद, आणि कागदांवर नोकऱ्या खरोखर अडतात. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे. त्यामुळे कोरियासारख्या सदस्य देशासाठी पदवीचं प्रमाणपत्र आधी राज्याच्या पातळीवर तपासून घ्यायचं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल घ्यायचा, एवढ्यावर काम होतं. संयुक्त अरब अमिरात त्यात नसल्यानं तिथे परराष्ट्र मंत्रालयानंतर दूतावासाचा शिक्का लागतो आणि वेळ व पैसा दोन्ही वाढतात. सेल्टाचं प्रमाणपत्र मुंबईच्या केंद्रातून मिळालेलं असलं तरी ते ब्रिटनमधून येतं, म्हणून त्याचं प्रमाणीकरणही तिथूनच करून घ्यावं लागतं. ही गोष्ट नोकरीचं पत्र हाती आल्यावर कळली तर महिना-दीड महिना त्यातच जातो. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट कार्यालयातून घ्यायचा आणि तो लवकर शिळा होतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढावा.

नावाचा घोळ तर खास आपल्याकडचा आहे. जुन्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पारपत्रावर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीच्या पदवीवर माहेरचं, पारपत्रावर सासरचं आणि सेल्टाच्या प्रमाणपत्रावर जे तिनं अर्जात घाईघाईनं लिहिलं ते. परदेशी अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटतात. म्हणून सेल्टाच्या अर्जात नाव लिहिताना पारपत्र उघडून समोर ठेवावं, विवाहाचं प्रमाणपत्र आणि नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद यांच्याही प्रती पदवीसोबतच प्रमाणित करून घ्याव्यात, आणि मधल्या नावाची आद्याक्षरं कुठेही वापरू नयेत.